वाऱ्यावरचे शब्द

मांडवीच्या जेटीवर संध्याकाळीं जाऊन बसण्याचा आमचा परिपाठ जुना आहे. रत्नदुर्गाकडचें दीपगृह लुकलुकूं लागलें कीं आम्ही उठतों. परवां मात्र एका ओळखीच्या तांडेलानें चहासाठीं होडीवर बोलाविलें आणि उठणें लांबलें. सुकाणूजवळ बिनतारी यंत्र होतें. त्यांतून होड्याहोड्यांचे आवाज एकमेकांत मिसळून येत होते. कोणी बर्फाची चौकशी करी, कोणी इंजिनाचें रडगाणें गाई. तांडेलानें धाकट्या भावाला विचारलें, "मावशीकडे जाऊन आलास काय रे?" आम्हांस ती घरगुती गोष्ट वाटली. तों तांडेल हंसून म्हणाला, "मावशी कुठली, गुरुजी! बांगड्याची जागा हाय ती. नांव घेतलं तर अर्धा दर्या तिथं गोळा होईल. पण मावशी पण आतां जुनी झाली. दोनदां तोच शब्द बोललों, तर तिसऱ्या दिवशीं मागं चार होड्या!"

आम्ही हंसलों खरे; परंतु घरीं येईपर्यंत ती मावशी कांहीं मनांतून जाईना. तारेंतून जाणारा शब्द चोरावयाचा तर चोरास तारेपर्यंत यावें लागतें. बिनतारी शब्द त्या दीपगृहाच्या उजेडासारखा चोहोंकडे जातो, आणि उजेड कांहीं माणूस पाहून पडत नाहीं. १९०३ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मार्कोनीच्या यंत्राचा प्रयोग चालला असतां नेव्हिल मॅस्केलिन नामक जादूगारानें त्यांत 'उंदीर, उंदीर' असा टवाळखोर संदेश घुसडून दिला होता. आपल्या मुंबईची हकीकत याहून गंभीर आहे. १९४२ च्या लढ्यांत उषाबेन मेहता व त्यांचे सहकारी यांनीं चालविलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोले, आणि आपण हिंदुस्थानांत कोठेंतरी आहों एवढाच आपला पत्ता सांगे. जागा वरचेवर बदलावी लागे. कारण जी लाट देशबांधवांच्या कानीं जाते तीच पोलिसांच्या यंत्रालाहि दिशा दाखविते. अखेर एका तंत्रज्ञाची फितुरीहि पोलिसांच्या कामास आली आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं छापा पडला. उषाबेननीं चार वर्षांची शिक्षा सोसली.

आतां आमच्या घराची गोष्ट. आमच्या वायफायच्या पेटीचा परवलीचा शब्द म्हणजे घराचें नांव आणि तें बांधल्याचें साल. हीं दोन्ही आमच्या फाटकावर कोरलेलीं आहेत! सुट्टींत आलेल्या पुतण्यानें हें ऐकून कपाळाला हात लावला. त्याच्याकडून आम्हांस बरेंच ज्ञान झालें. वायफायचें पहिलें कुलूप १९९७ सालचें. त्यांत प्रत्येक पुडक्याला जोडावयाचा आंकडा इतका तोकडा होता कीं १ कोटी ६७ लाखांच्या आसपास संपून तो पुन्हा येणारच. वर्दळीच्या जागीं हें कांहीं तासांचें काम. २००१ सालीं संशोधकांनीं त्या कुलपाची किल्ली काढण्याची रीतच दाखवून दिली. पुढें चांगलें मजबूत कुलूप आलें, तों २०१७ सालीं मॅथी व्हानहूफ यांनीं दाखविलें कीं किल्ली ठरवितांनाचा एक निरोप पुन्हा पाठविला तर यंत्र तीच किल्ली नव्यानें बसवितें आणि वापरलेले आंकडे परत वापरूं लागतें. म्हणजे पुन्हा मावशीच!

पुतण्यानें शब्द बदलला. तेव्हां आम्हांस उमगलें कीं शेजारचा मुलगा रोज संध्याकाळीं आमच्या गडग्यावर येऊन बसे, तो कांहीं वाऱ्यासाठीं नव्हे. तिसऱ्या दिवशीं वही घेऊन तो दारांत उभा राहिला. "काका, तुमचं नेट बंद आहे का? परीक्षा तोंडावर आली आहे." आम्हांस त्याचा राग यावयास हवा होता, आली ती आमचीच लाज. इतके दिवस तो उंबऱ्याबाहेर बसून शिकला, आणि आम्हीं कधीं विचारलेंसुद्धां नाहीं! आंतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "त्याचा अभ्यास बुडवूं नका हो."

पुतण्यानें त्याच पेटींत पाहुण्यांसाठीं निराळी वाट काढून दिली. तिचा शब्द काय ठेवावा, असें त्यानें विचारतांच आमच्या तोंडून निघून गेलें, "मावशी."

"आठ अक्षरं तरी हवींत, काका!"