कटकट

तो शिंपीकाम करायचा. 20 वर्षांपूर्वी आंब्याच्या झाडावरून पडला, कमरेखालचं अंग गेलं. तरी व्हीलचेअरवर बसून हाताच्या मशीनवर झबली, परकर शिवून घर चालवत होता. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वळलो की पाठीत कटकट होते. हिलापण ऐकू येते."

"संसारी माणसाच्या पाठीमागे कटकट असायचीच," मी म्हणालो. तोही हसला. डॉक्टरच्या विनोदाला पेशंट हसतातच.

पाठीला बाक आला होता, बसल्यावर तोल जायचा. एमआरआयमध्ये दोन मणके कुरतडल्यासारखे आणि भोवती गोळा. असं चित्र दिसलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. मी त्याच्याही पुढे गेलो. साठीचं वय, तंबाखू, उतरलेलं वजन, बेरीज झाली. बायोप्सीच्या आधीच त्याच्या मुलाला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "कॅन्सर पसरलेला दिसतोय. तयारी ठेवा." 'दिसतोय' हा शब्द मी माझ्या सोयीसाठी घातला होता. त्याला तो ऐकूच गेला नाही.

बायोप्सीत कॅन्सरची एक पेशी नाही, टीबीही नाही. नुसता हाडाचा आणि कूर्चेचा चुरा. सुईच चुकली म्हणून मी भांडलो, पुन्हा तुकडा काढायला लावला. पुन्हा चुराच. शेवटी माझ्या हाताखालच्या मुलीने दबकत विचारलं, "सर, शार्को स्पाइन असेल का?"

शार्को मला पाठ होता. 1868, पॅरिस, सिफिलिसने मज्जारज्जू बिघडलेल्या रोग्यांचे ढासळलेले सांधे. मधुमेह्यांच्या पावलात तो मी कितीदा पाहिलाही होता. पाठीत मात्र कधी शोधला नव्हता. जिथे दुखणंच कळत नाही, तिथे माणूस जपणार कसा? सांधा झिजतो, हाड मोडतं, जुळू बघतं, परत मोडतं. मी ज्याला गाठ म्हटलं तो या पडझडीचा राडारोडा होता. सीटी स्कॅन करून घेतला. मणके, मधली चकती, मागचे छोटे सांधे, सगळंच मोडलेलं. चकतीच्या जागी हवेची पोकळी. कॅन्सर बहुतेक वेळा चकतीला हात लावत नाही. यातलं काहीही नवीन उगवलं नव्हतं. आणि ती कटकट म्हणजे मोडकी हाडं एकमेकांवर घासल्याचा आवाज.

खरं निदान सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कटकटच होती ना?"

स्क्रू आणि सळ्या घालून पाठ सरळ केली, तो पुन्हा ताठ बसू लागला. पण मधल्या 19 दिवसांत त्याने मुलीचं लग्न घाईने उरकलं होतं आणि मशीन भाच्याला देऊन टाकलं होतं. भाच्याने त्यावर दुकान थाटलेलं. परत कसं मागणार? मी नवीन घेऊन देतो म्हणालो.

"नको साहेब," तो म्हणाला. "त्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता."