देनालीच्या वाटेवरील हंगामी सारथी

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सांगलीची हळद असो वा लासलगावचा कांदा, काही महिन्यांच्या उलाढालीवर वर्षाचा ताळेबंद उभा राहतो. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अलास्कात, असाच हंगाम पर्यटनाचा असतो. त्या हंगामावर जगणाऱ्यांमध्ये देनाली राष्ट्रीय उद्यानाचे बसचालक आहेत. मे महिन्यात ते दूरदूरच्या राज्यांतून येथे येतात आणि सप्टेंबरच्या मध्यास, बर्फ पडू लागताच, परततात.

या विस्तीर्ण उद्यानात रस्ता एकच, 92 मैलांचा, म्हणजे सुमारे 148 किलोमीटरचा. त्याचे बांधकाम 1923 साली सुरू झाले आणि 1938 मध्ये पूर्ण झाले. पहिले 15 मैल डांबरी आहेत. सॅव्हेज नदीचा पूल ओलांडला की खडीची अरुंद वाट सुरू होते. अँकरेज व फेअरबँक्स ही शहरे जोडणारा महामार्ग तयार होताच मोटारींचा लोंढा येणार, हे उद्यानाच्या व्यवस्थापकांनी वेळीच ओळखले. 1972 पासून उन्हाळ्यात खाजगी वाहनांना सॅव्हेज नदीपुढे मज्जाव झाला. पुढे जायचे तर पायी, सायकलने किंवा बसने. चालकाच्या नोकरीचे मूळ या एका निर्णयात आहे.

जूनमध्ये येथे वीस तासांहून अधिक काळ सूर्य मावळत नाही आणि उरलेल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. पहाटेच्या फेरीसाठी उठायचे म्हणून चालक खिडकीला जाड पडदे लावून लख्ख उजेडात निजतो. हंगामाच्या आरंभी त्याला या वाटेचे खास शिक्षण दिले जाते. वाटेला कठडे नाहीत. पॉलिक्रोम घाटात एका बाजूस रंगीबेरंगी खडक, तर दुसऱ्या बाजूस खोल दरी. समोरून बस आली की एकीने थांबायचे. हे सांभाळीत तो टुंड्राची, नद्यांची, वनस्पतींची माहितीही सांगत असतो. कोणा प्रवाशाला ग्रिझली अस्वल, कॅरिबू, मूस किंवा कड्यावरची शुभ्र डाल मेंढी दिसली की ‘थांबा’ अशी हाक येते आणि बस उभी राहते. आवाज खाली येतात, हात खिडकीच्या आत राहतात. प्राणी आपल्या वाटेने निघून गेला की बस पुढे सरकते.

या डाल मेंढ्यांमुळेच उद्यान जन्मास आले. खाणकामगार व रेल्वेवरील मजुरांना मांस विकण्यासाठी त्यांची बेसुमार शिकार होऊ लागली होती. स्वतः शिकारी असलेला निसर्गअभ्यासक चार्ल्स शेल्डन याने 1907-08 चा हिवाळा येथे काढला आणि त्यांच्या रक्षणासाठी पुढील अनेक वर्षे खटपट केली. 1917 साली उद्यानाची स्थापना झाली. ‘देनाली’ या कोयुकॉन शब्दाचा अर्थ ‘उंच असलेला’. 20,310 फुटांचे हे शिखर उत्तर अमेरिकेत सर्वोच्च आहे. पण ते बहुधा ढगांत असते. तीन दिवसांतून एखाद्या दिवशी दर्शन घडले तर भाग्य.

आज चालकाला पूर्वीसारखे वाटेच्या शेवटापर्यंत जाता येत नाही. 45व्या मैलाजवळ ‘प्रिटी रॉक्स’ नावाचा उतार आहे. त्याच्या पोटात हजारो वर्षांचे बर्फ आहे, आणि हवामान तापत चालल्याने ते वितळू लागले. 2014 पूर्वी तेथील रस्ता वर्षाकाठी काही इंच सरकत असे. 2021च्या ऑगस्टमध्ये तो ताशी अर्ध्या इंचाहून अधिक सरकू लागला. खडी टाकून भर घालणे अशक्य झाले आणि रस्ता तेथेच बंद करावा लागला. वंडर सरोवर व कँटिश्ना येथे बसने जाणे थांबले. पलीकडच्या निवासांना विमानाचा आधार उरला. त्या उतारावरून पोलादी पूल नेण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. तोपर्यंत 43व्या मैलावरून बस मागे वळवायची आणि पुढची वाट प्रवाशांना शब्दांनी दाखवायची, हे चालकाच्या वाट्याला आले.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑगस्टच्या अखेरीस टुंड्रा तांबडी-सोनेरी होते आणि डासही कमी असतात. दुसरे म्हणजे, प्रवेशद्वार सोडल्यावर वाटेत खाद्यपदार्थ विकत मिळत नाहीत. दिवसभराची शिदोरी व पाणी घरच्या सवयीप्रमाणे बरोबर घ्यावे, आणि त्याचा कणही मागे ठेवू नये. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुढे स्वतःच्या जिवाला मुकते. चालक हे प्रत्येक फेरीत सांगतो.