पंधरा आणि नऊ

संगणकाच्या पडद्यावर जें दिसतें त्यापेक्षां जें दिसत नाहीं त्याचेंच मला अधिक कौतुक वाटतें. पत्रें पोंचविणारा, छपाईची रांग राखणारा, घड्याळ मिळवून ठेवणारा, असे कितीतरी सेवक तेथें अहोरात्र राबत असतात. युनिक्सच्या जगांत त्यांना ‘डीमन’ म्हणतात. १९६३ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. मधल्या ‘प्रोजेक्ट मॅक’च्या मंडळींनीं हें नांव योजिलें, मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कल्पनेंतलें, रेणूंची निवड करीत बसलेलें चिमुकलें पिशाच्च त्यांच्या मनांत होतें. आपल्याकडील वाचकास यावरून वेताळ आठवेल. पण हा वेताळ खांद्यावर बसून प्रश्न विचारीत नाहीं, निमूटपणें काम करतो.

या सेवकांशीं बोलावयाचें तें काळ्या पडद्यावर एकेक ओळ लिहून. ‘सुरू हो’, ‘थांब’, ‘पुन्हां सुरू हो’, एवढाच काय तो संवाद. त्यांतला ‘थांब’ मात्र मला विचारांत पाडतो. कारण तो सांगण्याच्या दोन तऱ्हा आहेत. १५ क्रमांकाचा संकेत, ‘सिगटर्म’, ही विनंति. हातांतलें काम पुरें कर, वही मिटून ठेव आणि मग जा. पोस्टग्रेस या माहिती सांठविणाऱ्या प्रणालीच्या मुख्य सेवकास तो मिळाला, कीं तो नवा पाहुणा घेत नाहीं. पण आलेल्यांना आपलें काम उरकूं देतो. ९ क्रमांकाचा संकेत, ‘सिगकिल’, हा शिरच्छेद. तो सेवकाच्या कानीं पडतच नाहीं. यंत्रणेचा गाभा परस्पर त्याचा शेवट करतो. अर्धी लिहिलेली फाईल अर्धीच राहते.

उतावळ्या माणसाला हा ९ चा आंकडा फार प्रिय असतो. समोर बसून तो वापरला तर निदान परिणाम डोळ्यांपुढें असतो. पण तीच आज्ञा स्क्रिप्टमध्यें लिहून ठेवली, कीं मध्यरात्रीं आपण गाढ झोपेंत असतांना ती अक्षरशः पाळली जाते. स्क्रिप्टला दया येत नाहीं कीं शंका येत नाहीं. लिहितांना आपण जेवढा धीर तींत घातला असेल तेवढाच तिच्यापाशीं. म्हणून मी आधीं १५ लिहितों, मग वाट पाहण्याची मुदत, आणि अगदींच निरुपाय झाला तर ९. लिनक्सवरील सिस्टिमडी हा व्यवस्थापकहि हाच क्रम पाळतो. त्याची मुदत सामान्यतः ९० सेकंदांची.

नियम करणाऱ्या प्रत्येकाची स्थिति अशीच असते. नियमाचा अंमल होतो तेव्हां तो तेथें हजर नसतो. त्याचें शहाणपण कागदावर उतरलें असेल तेवढेंच कामीं येतें. पडद्यासमोर ताटकळत बसलेल्यास ९० सेकंद फार वाटतात, हें खरें. पण ज्याला आपली वही मिटावयाची आहे, त्याच्या बाजूनें ते मोजून पाहावे.