जीपचं चाक रुंद करताना

आजोबांच्या जुन्या जीपला रुंद टायर बसवायचे, हा हट्ट माझाच. पावसाळ्यात जांबोटीकडच्या लाल चिखलात तिचे अरुंद 6.00-16 टायर रुतून बसायचे. पण मूळ रिम जेमतेम साडेचार इंच रुंद. तिच्यावर जाडजूड टायर चढवला तर तो फुग्यासारखा फुगतो आणि वळणावर डुलतो.

बेळगावात उद्यमबागेतल्या टर्नरकाकांनी मार्ग सांगितला. रिम लेथवर गोल कापायची, मधे 2 इंचांची पोलादी पट्टी वळवून बसवायची, आतून-बाहेरून वेल्डिंग करायचं. ऐकायला सोपं! पण उष्णतेनं रिम वाकडी होते. म्हणून आधी समोरासमोर टाके, मग थोडं थोडं जोडत डायल गेजवर फिरवून बघायचं. एका चाकाला काकांचा अर्धा दिवस गेला.

"पट्टी कुठल्या अंगाला पाहिजे, ते आधी बोल की रे," काका म्हणाले होते. खरा पेच तोच. आत वाढवली तर टायर स्प्रिंगला घासतो. बाहेर वाढवली तर टायरचा मध्य इंचभर बाहेर सरकतो, बेअरिंगवर ताण येतो, स्टेअरिंग जड होतं. आम्ही बाहेरच वाढवली.

बाबांना धास्ती वेगळीच. चोर्ला घाटात जोड सुटला तर? शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीतल्या फेरफारांचं, त्यांना तोंडपाठ. त्यांनी अट घातली, रुंद चाकं फक्त शेतावर, रस्त्यावर जुनीच. चारही चाकं बदलायला पाऊण तास लागतो. जॅक मी लावतो, नट मात्र बाबाच आवळतात.