ओळ मोडली तेव्हा

माझं बालपण गुरुकुंज मोझरीत गेलं. तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथे आश्रम उभारला. आमच्या भागात जुन्या भजनांच्या हातानं लिहिलेल्या वह्या अजून जपलेल्या सापडतात. त्या कॉम्प्युटरवर उतरवण्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर चार खिडक्या होत्या: पानाचा फोटो, टायपिंग, शब्दकोश, शेरे. त्यांच्या मांडणीचे नियम मीच ठरवले आणि तिथेच चुकलो.

चारही खिडक्या शेजारी शेजारी, सारख्या रुंदीच्या. जिच्यात क्लिक कराल ती आपोआप थोडी रुंद होणार, बाकीच्या आक्रसणार. माझ्या 24 इंची मॉनिटरवर हे छान चालायचं. मोझरीत टायपिंग करणाऱ्या काकूंचा लॅपटॉप 1366 पिक्सेल रुंदीचा. चार वाटे केले की एकीला जेमतेम 341.

पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "भाऊ, हे पान काऊन पयते?" फोटोतली ओळ वाचून त्या टायपिंगकडे वळल्या की फोटो आकसायचा आणि ओळ नजरेतून सुटायची. मी म्हणालो, "होईल सवय." ते उत्तर मला अजून टोचतं. दोष त्यांनी नेमका दाखवला होता. मी तो त्यांच्याच माथी मारला.

खरं नुकसान नंतर कळलं. काकूंचा हात टाइपरायटरवर बसलेला. खिडकीची कड आली की त्या एंटर मारायच्या. दोन वह्या अशाच उतरल्या. छापील पान हातात घेऊन मंडळी गायला बसली, तेव्हा चरण अर्ध्यातच तुटले. खंजिरी पुढे गेली, आवाज मागे राहिला. खरी ओळ कुठे संपते आणि काकूंचा एंटर कुठला, हे प्रोग्रॅमला ओळखता येईना. मूळ वही मांडीवर घेऊन आम्ही दोघांनी पानन् पान पुन्हा तपासलं. पाच आठवडे गेले.

मग मी पिक्सेल सोडून ओळ मोजली. वहीतली सगळ्यात लांब ओळ न दुमडता मावलीच पाहिजे. फोटो वर, टायपिंग खाली, दोन्ही पूर्ण रुंदीचे. वेलांटी आणि रफार कापले जाऊ नयेत एवढी उंची ओळीला राखलेली. शब्दकोश आणि शेरे मिटलेले, लागले तर उघडायचे. हातानं ओढल्याशिवाय कुठलीही खिडकी हलणार नाही, आणि आज लावलेली मांडणी उद्या तशीच उघडेल.

काकूंनी फोटोला दोन तृतीयांश पडदा दिलाय. त्यांच्या वहीतली शाई उडालेली आहे. पहिली मांडणी ठरवताना मी ती जवळून पाहिलीच नव्हती.