दोन लाखांत एक

माझ्या पीएच.डी.चा बराचसा काळ जिवाणूंना खाऊ घालण्यात गेला, असं सांगितलं की लोक हसतात. पण एनएमआरवर, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुगर्भांचे संदेश ऐकण्याच्या तंत्रावर, प्रथिनांचं काम केलेल्या कुणालाही विचारा. चुंबकापाशी बसायचे दिवस थोडे, इन्क्युबेटर-शेकरपाशी ताटकळायचे जास्त. निसर्गातला नायट्रोजन जवळजवळ सगळा 14 वस्तुमानांकाचा असतो आणि तो या कामी फारसा उपयोगी पडत नाही. लागतो तो 15 वस्तुमानांकाचा, आणि त्याचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून ई. कोलाय जिवाणूंना अगदी मोजक्या क्षारांच्या पाण्यात वाढवायचं आणि नायट्रोजन म्हणून फक्त 15 वस्तुमानांकाचं अमोनियम क्लोराइड द्यायचं. कार्बनही हवा असेल तर 13 वस्तुमानांकाचं ग्लुकोज. ते त्या काळी ग्रॅममागे काही हजार रुपयांना पडायचं. ते तोलताना पंखा बंद करायचा, अशी आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत शिस्त होती. आमचे सर एरवी चहापाण्याला सढळ हाताचे. त्या बाटलीच्या बाबतीत मात्र हिशेब चोख लागायचा.

माझं प्रथिन होतं युबिक्विटिन. अवघ्या 76 अमिनो आम्लांचं, जवळपास प्रत्येक प्राण्या-वनस्पतीच्या पेशीत सापडणारं. पेशीतल्या नको असलेल्या प्रथिनांवर विल्हेवाटीची खूण म्हणून ते चिकटवलं जातं. या शोधासाठी 2004 साली चिखानोवर, हर्शको आणि रोझ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मी नुकतीच नोंदणी केली होती. वर्तमानपत्रात ते नाव वाचून घरच्यांना माझ्याविषयी काही दिवस उगाचच आदर वाटला.

या प्रथिनाची रचना नव्याने शोधायची गरज नव्हती. विजय-कुमार, बग आणि कुक यांनी ती क्ष-किरणांनी स्फटिकावरून 1987 सालीच बारकाईने मांडली होती. आमचा प्रश्न वेगळा होता: ही रचना टिकते कशाच्या जोरावर? त्यासाठी प्रथिनाच्या आतल्या गाभ्यातलं, 26 व्या जागेवरचं व्हॅलिन काढून तिथे अ‍ॅलानिन बसवायचं आणि काय होतं ते पाहायचं. फरक किती? दोन कार्बन, चार हायड्रोजन. बस्स.

स्थैर्याचा पहिला धडा मात्र चुंबकाने दिला नाही, साध्या वॉटर बाथने दिला. जिवाणू फोडून मिळालेला गढूळ रस 80 अंशांच्या वर तापवला की त्यातली बाकीची शेकडो प्रथिनं दूध नासावं तशी पांढरी होऊन खाली बसतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. त्यात उरतं ते बहुतांशी युबिक्विटिन, धडधाकट. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. जेलवर एकच ठळक पट्टा आला तेव्हा बसला. बदललेल्या प्रथिनाला हा मार्ग बंद होता. ते कॉलमवरून थेंबाथेंबाने शुद्ध करावं लागायचं, तेही शीतगृहात स्वेटर घालून.

मग नमुने मुंबईला. आमच्याकडे त्या ताकदीचं यंत्र नव्हतं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशभरातल्या संशोधकांसाठी 1980च्या दशकापासून राष्ट्रीय एनएमआर सुविधा आहे. अर्ज करायचा, वेळ मिळाली की जायचं. डेक्कन क्वीनमध्ये मांडीवर बर्फाचा थर्मास, त्यात बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्या. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, “काय गं, कुल्फी का?” पुढे नेव्ही नगरच्या फाटकावर ओळखपत्र दाखवताना जवानाला तो थर्मास उघडून दाखवावा लागायचा. त्याचं समाधान कशाने झालं, मला कधीच कळलं नाही.

त्या इमारतीत या विषयाची मुळं फार जुनी आहेत. 1951 साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथाइल अल्कोहोलचा एनएमआर संदेश तीन वेगळ्या गटांत फुटलेला दाखवला. एकाच रेणूतले हायड्रोजन आपापल्या शेजारानुसार वेगळ्या सुरात बोलतात, हे रसायनशास्त्रज्ञांना तिथून कळलं. त्यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि टाटा संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. शाळा-कॉलेजात हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. ऐकायला हवं होतं.

यंत्राच्या खोलीच्या दाराशीच तिथले तंत्रज्ञ हटकायचे, “मॅडम, घड्याळ काढा. एटीएम कार्ड? चाव्या?” आत पुरुषभर उंचीहून मोठं, चकचकीत पिंप उभं. 600 मेगाहर्ट्झचं यंत्र म्हणजे 14.1 टेस्लाचं चुंबक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीन लाख पटींहून जास्त. आत उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये अतिवाहक तारेचं वेटोळं बुडालेलं. एकदा त्यात वीजप्रवाह सोडला की तो बाहेरच्या विजेशिवाय वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणजे दिवे गेले तरी चुंबक चालूच, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. फक्त हेलियम आणि नायट्रोजन वेळच्या वेळी भरावा लागतो, आणि हेलियम आपण जवळजवळ सगळा बाहेरून आणतो.

“म्हणजे एमआरआयच ना गं?” माझी मावशी दरवेळी विचारायची. तत्त्व तेच. पण एमआरआयला मुख्यतः पाणीच पाहायचं असतं, आणि आमचा पाणी हाच वैरी. आमच्या नमुन्यात प्रथिनाच्या एका हायड्रोजनामागे पाण्याचे लाखभर हायड्रोजन असतात. तो गोंगाट दाबल्याशिवाय काही ऐकूच येत नाही. शिवाय इतक्या प्रचंड चुंबकातही क्षेत्राच्या दिशेचे आणि विरुद्ध दिशेचे अणुगर्भ जवळपास समसमान. फरक लाखामागे जेमतेम पाचाचा. आपल्याला जे काही ऐकू येतं ते त्या पाचांचं. म्हणून तर एकेक प्रयोग रात्रभर, कधी दोन-तीन दिवस चालतो.

काचेची नळी पेन्सिलीहून बारीक, पाच मिलिमीटरची. त्यात अर्धा मिलिलिटर द्रव. ती फिरकीत बसवून चुंबकाच्या माथ्यावर धरली की खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर तरंगते. हवा बंद केली की सावकाश आत उतरते. त्यानंतरचं काम चिकाटीचं: चुंबकीय क्षेत्र नमुन्याभोवती एकसारखं होईपर्यंत वीस-पंचवीस कळा मागे-पुढे करत बसायचं. काही लोकांच्या हाताला याचं वळण असतं. तिथल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी माझी पाऊण तासाची खटपट पाच मिनिटांत मागे टाकली होती आणि वर “होतं हळूहळू” म्हणाले होते.

आणि मग पडद्यावर ठिपके उमटतात. आडव्या अक्षावर हायड्रोजन, उभ्यावर नायट्रोजन. प्रथिनाच्या कण्यातल्या प्रत्येक नायट्रोजन-हायड्रोजन जोडीचा एक ठिपका. युबिक्विटिनमधल्या तीन प्रोलिनांना तशी जोडी नसते, पहिल्या अमिनो आम्लाचाही ठिपका दिसत नाही. उरतात सत्तरेक. प्रत्येक ठिपका कुणाचा, हे ठरवलं की रेणूतल्या जवळपास प्रत्येक वळणावर आपला एक खबऱ्या बसतो. सगळ्यात ठळक ठिपका कुणाचा असतो माहीत आहे? शेवटच्या, 76 व्या ग्लायसिनचा. कारण ती शेपटी मोकळी वळवळत असते. गाभ्यातले, घट्ट बसलेले त्यामानाने फिके. मला हे फार आवडायचं: जो जास्त चंचल, तो जास्त उजळ.

दोन हायड्रोजन पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले की एकमेकांच्या संदेशावर परिणाम करतात. अशा शेकडो अंतरांवरून रेणूची घडी मांडायची रीत कुर्ट व्यूथरिख यांच्या झुरिकच्या गटाने बसवली. 1980च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी पहिली संपूर्ण रचना मांडली तेव्हा स्फटिकवाल्यांना ती पटेना. मग टेंडामिस्टॅट नावाचं प्रथिन घेऊन रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने स्फटिकावरून आणि व्यूथरिख यांच्या गटाने एनएमआरवरून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रचना काढल्या. त्या जुळल्या, आणि वाद मिटला. व्यूथरिख यांना 2002 साली नोबेल मिळालं.

माझ्या कामाचा गाभा मात्र ठिपके विझताना पाहण्याचा होता. प्रथिन गोठवून-सुकवून त्याची भुकटी करायची, ती एकदम जड पाण्यात विरघळवायची. आता प्रथिनाच्या ज्या हायड्रोजनची पाण्याशी गाठ पडेल, त्याच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, येणार आणि त्याचा ठिपका नाहीसा होणार. ही कल्पना कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या लिंडरस्ट्रॉम-लांग यांची, 1950च्या दशकातली. भुकटीवर जड पाणी पडलं की घड्याळ सुरू. सगळी जुळवाजुळव आधीच दुसऱ्या नळीवर करून ठेवायची, तेवढ्याच उंचीचं द्रव घालून, म्हणजे खरी नळी आत जाताच मोजणी सुरू करता येते. टेबलापासून चुंबकापर्यंत तेवढं अंतर मी अक्षरशः धावत जायची. (जड पाण्याची आमची बाटली अमेरिकेहून यायची. कुलाब्याहून समुद्र ओलांडला की अलिबाग, आणि अलिबागजवळ थळला आपल्या सरकारचा जड पाण्याचा कारखाना. खरेदीच्या कागदपत्रांपुढे भूगोल चालत नाही.)

पहिला स्पेक्ट्रम येईपर्यंतच शेपटीचे आणि बाहेरच्या वळणांचे ठिपके गेलेले असायचे. मग काही तासांत आणखी काही. पण मूळ युबिक्विटिनमध्ये, मुख्य सर्पिलातले आणि पट्ट्यांच्या मधोमधचे काही ठिपके दुसऱ्या दिवशी सकाळीही जागच्या जागी. पाण्यात बुडालेले असूनही त्यांच्यापर्यंत पाणी पोचलेलं नाही! त्यांना सोडवायचं तर अख्खी घडीच उलगडावी लागते. आणि ती अधूनमधून उलगडते. युबिक्विटिनची घडी मोडायला लागणारी ऊर्जा मोलमागे साधारण 30 किलोज्यूल. कार्बन-कार्बनचा एक बंध तोडायला याच्या दसपटीहून जास्त लागते. गणित केलं तर खोलीच्या तपमानाला कुठल्याही क्षणी सुमारे दोन लाख रेणूंतला एक रेणू पूर्ण उलगडलेला असतो. उकळत्या पाण्याच्या आसपास टिकणाऱ्या या पैलवानाची ही गोष्ट. तो एक रेणू क्ष-किरणांना दिसत नाही, पण ठिपका किती वेगाने विझतो यावरून त्याची मोजदाद होते.

बदललेल्या प्रथिनाचे ठिपके मूळच्या जागांपासून फारसे हललेले नव्हते. म्हणजे घडी तीच. नुसता पहिला स्पेक्ट्रम पाहून कुणीही म्हटलं असतं, काही बिघडलेलं नाही. पण जड पाण्यात घातल्यावर, जे मूळ प्रथिनात रात्रभर टिकायचे ते मी कॅन्टीनमधून जेवून येईपर्यंत पुसट झालेले. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन गेल्याने गाभ्यात एवढीशी पोकळी राहिली, आणि उलगडलेल्या रेणूंची संख्या कितीतरी पटींनी वाढली. रचना तीच, स्थैर्य गेलेलं.

याला केवळ हौसेचं संशोधन म्हणू नका. ट्रान्सथायरेटिन नावाच्या रक्तातल्या प्रथिनात 30 व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन आलं की प्रथिनाचं स्थैर्य घटतं, त्याचे तुकडे सुटे होऊन तंतू साचतात आणि मज्जातंतूंचा आजार होतो. टॅफामिडिस हे त्यावरचं औषध प्रथिनाच्या जोडणीत जाऊन बसतं आणि ती घट्ट धरून ठेवतं. म्हणजे औषधाचं काम एवढंच, की प्रथिन सुटू द्यायचं नाही.

आता अल्फाफोल्डमुळे संगणक काही मिनिटांत रचना काढून देतो; 2024 च्या नोबेलमध्ये त्याचाही वाटा होता. आनंदच आहे. पण ती रंगीत फितीची चित्रं पाहून विद्यार्थ्यांचा समज होतो की प्रथिन म्हणजे कोरीव मूर्ती. पुस्तकं या समजाला खतपाणी घालतात, आणि शिकवणाऱ्यांचाही त्यात हातभार असतो. प्रथिन सतत सुटतं आणि पुन्हा बसतं. त्याचं जगणं त्या सुटण्या-बसण्याच्या प्रमाणावर अवलंबून असतं. चित्रात ते प्रमाण कुठेच नसतं.

म्हणून जीवरसायन शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत आता 400 किंवा 500 मेगाहर्ट्झची यंत्रं आहेत, बहुतेक रसायनशास्त्र विभागाकडे. त्यांच्याकडून एक दुपार मागून घ्या. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम स्वस्त मिळतं, महागडी समस्थानिकंही लागत नाहीत. पीएच 4च्या आसपास ठेवा, म्हणजे अदलाबदल सावकाश होते. जड पाण्यात विरघळवा, दर दहा मिनिटांनी साधा हायड्रोजनचा स्पेक्ट्रम घ्या आणि 8 ते 10 पीपीएममधल्या रेषांवर मुलांची नजर ठेवा. कोणत्या जातात, कोणत्या राहतात, त्यांनाच वहीत उतरवू द्या. घड्याळं आणि कार्डं दाराबाहेर काढून ठेवायला सांगा, आणि ज्याला पेसमेकर बसवलेला आहे त्याने आत येऊ नये.