बेदाण्याच्या शेडवरून आणंदला

आमच्या घरात एमबीएबद्दल सगळ्यांत ठाम मत काकांचं होतं. काकांची तासगावच्या बाजारात अडत आहे, मुलगा इंजिनिअर झालेला, त्यामुळे शिक्षणातलं त्यांना कळतं असं घरात धरून चालायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं : एमबीए करायचं तर मुंबईत, ‘बजाज’ला. तिथं नाही जमलं तर पुण्यात जिथं फी सगळ्यांत जास्त असेल तिथं. बेदाणा घेताना काका असा हिशोब कधी करत नाहीत. मूठभर माल हातावर घेऊन, दाबून, वास घेऊन मगच ते बोली लावतात.

मी तेव्हा शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. घेऊन पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करत होते. घरी द्राक्षबाग. उन्हाळ्याच्या तोंडाला आमचं सगळं घर बेदाण्याच्या शेडवर असतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो निवडायचा, प्रतवारी करायची, शीतगृहात ठेवायचा आणि सौद्याच्या दिवशी जो भाव निघेल तो घ्यायचा. पैसे हातात यायला आणखी दिवस लागतात. पुढे त्याच बेदाण्याची पाव किलोची देखणी पाकिटं होऊन तो दुकानात कुणाच्या तरी नावानं विकला जातो, तेव्हा त्याचा भाव आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितला तर ते नुसते हसतात. मधे काय घडतं, कोण किती ठेवतं आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन यातला कुठला टप्पा आपल्याकडे घेता येईल, हे मला शिकायचं होतं. ‘ध्येय’ वगैरे शब्द मी तेव्हा वापरत नव्हते, पण होतं ते हेच.

कॅटच्या क्लासला जाणाऱ्या माझ्या रूममेटला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं होतं. तिच्यासाठी काकांचा सल्ला अगदी बरोबर होता. जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५मध्ये मुंबई विद्यापीठानं स्टॅनफर्डच्या मदतीनं सुरू केली. चर्चगेटला आहे, नरिमन पॉइंट पायी गाठता येतं, बँका आणि मोठ्या कंपन्यांत तिथले जुने विद्यार्थी जागोजागी बसलेले आहेत आणि खासगी संस्थांच्या मानानं फी कमी. शिवाय रूममेट मुंबई विद्यापीठाची पदवीधर. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत तिथल्या जागांचा मोठा वाटा मुंबई विद्यापीठाच्या मुलांना होता. माझ्यासारख्या कोल्हापूरच्या पदवीवाल्यांना उरलेल्यात भागवायचं. पण मला तिथं जागा मिळाली असती तरी प्रश्न राहिलाच असता. तिथं येणाऱ्या कंपन्यांना बेदाण्याच्या सौद्याशी काय देणंघेणं?

मग मी पुण्यातली एक नावाजलेली खासगी संस्था पाहून आले. तिचं नाव इथं घेत नाही. काचेचा स्वागतकक्ष, कॉफी, भिंतभर कंपन्यांची बोधचिन्हं. समुपदेशक बाईंनी पहिल्याच वाक्यात सर्वांत मोठं पॅकेज सांगितलं, दुसऱ्यात सरासरी. मी मधला पगार विचारला, म्हणजे सगळ्या मुलांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्याला किती मिळाला. सरासरीचं गणित आम्हा अकाउंट्सवाल्यांना नवं नाही. एकाला परदेशात इतरांपेक्षा चाळीस लाख जास्त मिळाले की शंभर जणांची सरासरी चाळीस हजारांनी वर जाते आणि बाकीच्या नव्याण्णवांच्या खात्यात एक रुपयाही वाढत नाही. बाईंनी माहितीपत्रकाचं पान उलटलं आणि वसतिगृहाकडे वळल्या.

कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाचा एक बार्शीचा मुलगा भेटला. त्याच्याकडून अर्ध्या तासात जे कळलं ते माहितीपत्रकाच्या चाळीस पानांत नव्हतं. भिंतीवरच्या काही कंपन्या एकदाच येऊन गेल्या होत्या. चांगल्या जागा बहुतेक आधी तीन-चार वर्षं नोकरी केलेल्यांना मिळाल्या. बऱ्याच मुलांच्या वाट्याला बँकेचं किंवा विम्याचं सेल्स आलं. पॅकेजमध्ये टार्गेट पूर्ण झालं तर मिळणारा हिस्सा, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी सगळं धरलेलं. ‘ताई, सेल्स वाईट नाही,’ तो म्हणाला, ‘पण सेल्स करायचंय हे आधी माहीत असलेलं बरं.’

त्या फीचा हिशोब मी त्या रात्री मांडला. बारा लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं : महिन्याला पंधरा हजार आठशेच्या वर हप्ता, एकूण परतफेड एकोणीस लाख. शिकत असताना चढणारं व्याज वेगळं. बँकेत गेले तर आणखी एक गोष्ट समजली. मोठ्या सरकारी बँकांकडे नामांकित संस्थांच्या याद्या असतात. यादीतल्या संस्थेला मोठं कर्जही विनातारण मिळतं, बाकीच्यांसाठी साडेसात लाखांवर गेलं की तारण मागतात. तारण म्हणजे आमच्याकडे बाग. माझ्या मते बँकेची यादी ही कुठल्याही मासिकाच्या क्रमवारीपेक्षा जास्त प्रामाणिक असते, कारण तिथं बँकेचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात.

क्रमवारीवरून आठवलं. एप्रिल २०१६मध्ये केंद्र सरकारची एनआयआरएफची पहिली यादी आली. व्यवस्थापनात आयआयएम बंगळूर पहिलं. काकांनी कात्रण कापून माझ्यापुढे ठेवलं. संशोधन, प्राध्यापक, लोकांमधली प्रतिमा अशा गोष्टी मोजून ती यादी बनते. ती उपयोगाची आहे, पण कुठली संस्था मला दूध संघात किंवा शेतकरी कंपनीत नेऊन पोचवेल हे ती सांगत नाही, आणि तिनं ते सांगावं अशी अपेक्षाही नाही.

शेतमालाच्या व्यवसायासाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत हे मला उशिरा कळलं. पुण्यातच वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, हैदराबादला ‘मॅनेज’ आहे, अहमदाबाद आणि लखनऊच्या आयआयएममध्ये स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. यांतल्या काही ठिकाणी कृषी पदवीधरांना प्राधान्य. आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेला, म्हणजे ‘इर्मा’ला, मात्र कुठलाही पदवीधर चालत होता. डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९मध्ये काढलेली संस्था. तिच्या प्रवेशपरीक्षेत सामाजिक प्रश्नांवर वेगळा विभाग असायचा. तो सोडवताना पहिल्यांदा वाटलं, की हे लोक माझ्याच शेडबद्दल विचारतायत.

घरी वाद झालाच. इर्मा पदविका देणार हे ऐकून काका म्हणाले, ‘डिप्लोमा? आयटीआयला होतो तसला?’ त्या वेळी अहमदाबादची आयआयएमसुद्धा पदविकाच देत होती; आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार २०१७च्या कायद्यानं मिळाला. आण्णांचा प्रश्न वेगळा होता : ‘तिथं जाऊन आपल्या बेदाण्याचा भाव वाढंल का?’ मी म्हटलं, ‘वाढणार नाही आण्णा, पण तो कोण ठरवतं ते कळेल.’ त्यांनी मान डोलावली. काका वर्षभर माझ्याशी जपून बोलत होते.

आणंदला मी काय शिकले हे सांगायचं तर वर्गाबाहेरचं आधी सांगावं लागेल. पहिल्या वर्षातच गावात राहायला पाठवतात. माझ्या वाट्याला आलेल्या गावात सकाळ-संध्याकाळ दूध सोसायटीपुढे रांग लागायची. बाई कॅन पुढे करायची, फॅट मोजली जायची, आकडा समोर दिसायचा आणि ठरल्या दिवशी पैसे यायचे. १९४६मध्ये त्रिभुवनदास पटेलांनी खेडा जिल्ह्यात संघ उभा केला तेव्हापासून हे घडत गेलेलं : गावात सोसायटी, जिल्ह्याला संघ, राज्याला महासंघ, आणि माल पाकिटात जाईपर्यंत मालकी शेतकऱ्यांची. बेदाण्यात हे जसंच्या तसं होत नाही. दूध रोज येतं, बेदाणा वर्षातून एकदा. दूध थांबू शकत नाही, बेदाणा शीतगृहात महिनोन्‌महिने राहतो आणि भाव चढायची वाट बघणाऱ्याच्या हातात जातो. हा फरक मला तिथल्या वर्गात नीट मांडता आला, कारण शेजारी ओडिशाच्या स्वयंसेवी संस्थेतून आलेला मुलगा आणि बिहारच्या बचतगटांत काम केलेली मुलगी बसायची. दुसऱ्या ठिकाणी माझ्या शेजारी कोण बसलं असतं, हा प्रश्न अर्ज भरताना फारसं कुणी विचारत नाही.

पगाराचं स्पष्ट सांगते. माझी पहिली नोकरी एका दूध संघाच्या खरेदी विभागात होती आणि पगार रूममेटच्या पगाराच्या निम्माही नव्हता. ती बजाजमधून जिथं जायचं तिथं पोचली. तिचं आणि माझं, दोघींचंही बरोबर ठरलं. सध्या मी आमच्याच भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघते. बेदाण्याचा काही माल आम्ही थेट मिठाई आणि बेकरीवाल्यांना देतो, बराचसा अजून सौद्यालाच जातो. सौद्याच्या दिवशी काकांशी रीतसर भांडण होतं.

दर वर्षी सीईटी आणि कॅटचे निकाल लागले की ओळखीतल्या मुलांचे फोन येतात. इर्माचं विचारतात त्यांना मी सांगते, की ती २०२५मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली आहे, तेव्हा प्रवेशाचे नियम नव्यानं बघा, माझ्या वेळचे धरून चालू नका. बाकीच्यांना विचारते, पास झाल्यावर रोज कुणाशी बोलायचं काम तुला हवंय : बँकेच्या ग्राहकाशी, कारखान्यातल्या फोरमनशी, की शेतकऱ्याशी? उत्तर नसेल तर आणखी वर्षभर नोकरी कर, फॉर्म कुठं पळून जात नाहीत. उत्तर असेल तर त्या कामातल्या दोन माणसांना गाठ आणि त्यांच्या हाताखाली नव्यानं लागलेली मुलं कुठून येतात ते विचार. आणि एखाद्या संस्थेचा प्लेसमेंटचा फलक बघशील तेव्हा फलकावर फोटो नसलेल्या, गेल्याच वर्षी बाहेर पडलेल्या एकाचा नंबर मिळव. फी भरण्याआधी त्याला फोन कर.